तेलाचा डबा किती दिवस पुरला: यावल तालुक्यातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

मार्गशीर्ष म्हणजे आमच्याकडे भरीत पार्ट्यांचे दिवस. बामणोदची हिरवट-पांढरी वांगी बाजारात आलेली असतात. मळ्यात कपाशीच्या पळाट्या पेटवून ती भाजायची, सोलून मुसळीने ठेचायची, वरून कांद्याची पात आणि तेल, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी. वजन कमी करायचंय म्हणून या दिवसांत माझ्यासारख्या आहारतज्ज्ञाकडे फारसं कुणी येत नाही. भाऊ मात्र याच दिवसांत आले. घरच्यांच्या परवानगीने त्यांची गोष्ट लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

काट्यावरून उतरता उतरता ते स्वतःच म्हणाले, "ताई, युरियाच्या दोन गोण्या आन् वर एक किलो." त्यांचं कृषी केंद्र आहे, ४५ किलोची गोणी हे रोजच्या हाताखालचं माप. वजन ९१ किलो, उंची १६८ सेंटीमीटर, कंबर १०८, वय ४७. भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आत असावी असं धरतात. गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.२ टक्के. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ ला तो ओलांडला. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून चालायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं, आणि औषधाआधी सहा महिने खाणं-चालणं सुधारून बघा म्हणून सांगितलं होतं.

"किती कमी करायचंय?" मी विचारलं.

"वीस किलो. आखाजीपर्यंत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिच्यानंतरच्या आठवड्यात पुतण्याचं लग्न होतं. हातात साधारण वीस आठवडे, म्हणजे दर आठवड्याला एक किलो, तेही एकही आठवडा न चुकता. वीसच का, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मोबाइलवर कुणीतरी वीस किलो उतरवलेला पाहिला होता, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी भुसावळला जिम लावली होती. सकाळी ओट्स, रात्री उकडलेल्या भाज्या, भाकरी बंद. दोन महिन्यांत सात किलो उतरले. मग केळी कटाईला आली, ट्रक भरणं सुरू झालं, जिम सुटली. वर्षभरात नऊ किलो परत आले. त्या सात किलोंबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता, लाज होती. मला ती लाज काळजीची वाटली. एकदा असं हरलेला माणूस पुढच्या वेळी आणखी मोठा आकडा बोलतो आणि आणखी लवकर सोडतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तरीही पहिल्या भेटीत मी चूक केली. आकडा वीसवरून सहावर आणला, तो बरोबर होता. सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे त्यांच्यासाठी साडेचार ते साडेसहा किलो, सहा महिन्यांत कमी झाले तरी साखरेवर आणि रक्तदाबावर फरक दिसतो. पण त्यासोबत मी छापील तक्ता दिला. नाश्त्याला मूग डोसा, अकरा वाजता फळ, जेवणाआधी सॅलड, रात्री सूप. तीन आठवड्यांनी भाऊ आले तेव्हा वजन ९१.४ होतं. तक्त्याचं काय झालं, तर वहिनींनी तो देवाच्या फोटोमागे नीट ठेवलेला होता. फोनवर त्या म्हणाल्या, "ताई, एका घरात दोन सैपाक नाही होत. सासूबाईले दात नाहीत, पोराले सूप नको, आन् मी रोज किती वाजता उठू?"

चुलीपाशी बसणाऱ्या बाईला न विचारता मी त्या घराचं खाणं ठरवलं होतं. पुढची भेट मी त्यांच्या घरी घेतली.

डबा

स्वयंपाकघरात ओट्याखाली शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा डबा होता. किती दिवस पुरतो, असं विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "लक्षात नाही, संपला की आणतो." भाऊ दुकानदार माणूस, त्यांच्याकडे घरखर्चाची वही होती. वर्षभरात सहा डबे. घरात खाणारी माणसं चार: भाऊ, वहिनी, आजी आणि कॉलेजात जाणारा मुलगा. हिशेब आम्ही तिथेच पाटावर बसून केला. एक डबा ६१ दिवस, म्हणजे माणशी रोज जवळजवळ ६१ ग्रॅम तेल. पाहुणे, सणाचं तळण, उरलेलं तेल हे सगळं त्यात आलं, त्यामुळे आकडा ढोबळ आहे. पण ढाब्यावरची शेवभाजी त्यात धरलेलीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला २००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. या हिशेबाने चौघांना डबा साडेचार महिन्यांहून जास्त पुरला पाहिजे.

भाऊ लगेच म्हणाले, "मंग साडेचार महिने पुरवू." इथे त्यांना थांबवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वीस किलोचंच हे दुसरं रूप होतं. ज्या घरात ठेच्यावर कच्चं तेल ओततात, वाफवलेल्या डाळीच्या फुनक्यांवर ओततात, खिचडीवर ओततात, तिथे एकदम निम्म्याहून कमी तेल म्हणजे आठवडाभरात बंड. आम्ही ८० दिवस ठरवले. माणशी रोज १४-१५ ग्रॅम कमी, म्हणजे सव्वाशे-दीडशे कॅलरी. दिसायला क्षुल्लक, पण सहा महिने टिकलं तर कागदावर अडीच-तीन किलो चरबीचा हिशेब आहे, आणि तो चौघांचाही. वहिनींनी झाकणावर मार्करने तारीख टाकली.

किलोऐवजी डबा का, तर वजन आपल्या हातात नसतं. मीठ जास्त झालं, झोप कमी झाली, पोट साफ झालं नाही, काटा एक किलो इकडचा तिकडे. तेल मात्र ओतणाऱ्याच्या हातात असतं. शिवाय वजनाचं ध्येय एकट्या भाऊंचं होतं, डब्याचं घराचं झालं.

तेल कमी करण्यासाठी बाहेरून काही आणावं लागलं नाही. फोडणी पळीने न घालता मोजून चमच्याने. वांग्याच्या घोटलेल्या भाजीत तर्री वर तरंगलीच पाहिजे असं नाही, हे मान्य व्हायला दोन आठवडे लागले. बट्टी उकडून झाल्यावर तळायच्याऐवजी तव्यावर झाकण ठेवून भाजली, आणि खाताना तुपाचा एक चमचा. आजींना ती कडक लागली, त्यांच्यासाठी वरणात भिजवली. शेवभाजी महिन्यातून दोनदा, घरीच.

सगळ्यात जास्त उपयोग फुनक्यांचा झाला. तूर-हरभऱ्याच्या भिजवलेल्या डाळीत मेथी किंवा कांद्याची पात घालून वाफवलेले मुटके, सोबत कढी. आपल्या आज्यांनी हे केव्हाच शोधून ठेवलंय, आणि आपण ते पाहुण्यांसमोर मांडायला लाजतो याचं मला खरंच वाईट वाटतं. भाऊंना त्यांच्या उंचीला साजेशा वजनाच्या हिशेबाने रोज ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवी होती. आठवणीतून लिहून काढलं तेव्हा ४० च्या पुढे जात नव्हती. आठवड्यातून दोनदा फुनके, रोज दुपारी कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे काळे उडीद दळलेले असल्याने नुसत्या ज्वारीपेक्षा तिच्यात प्रथिनं जास्त असतात आणि ती पोटात जास्त वेळ टिकते. तीन भाकऱ्यांच्या दोन झाल्या, त्या जागी पोकळा, चाकवत किंवा अंबाडीची भाजी वाटीभर जास्त. भाकरी बंद करायची नाही, हे ऐकून भाऊंचा चेहरा खुलला.

केळीचं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. घरात दोन एकर कांदेबाग केळी, आणि साखरेच्या भीतीने दोन वर्षं केळाला हात लावलेला नाही. मध्यम आकाराच्या केळात सुमारे शंभर कॅलरी. जेवणावर लगेच नको, चारच्या भुकेला एक, फार न पिकलेलं, मूठभर शेंगदाण्यांसोबत. त्यांच्या साखरेच्या आकड्याला ते चालण्यासारखं होतं. उलट दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पाव किलो केळीचे वेफर्स संपत होते आणि ते कुठेच धरलेले नव्हते. शंभर ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेच्या आसपास कॅलरी असतात. आपल्याच मळ्यातलं फळ सोडून त्याचंच तळण खाल्लं जात होतं.

रात्रीची लाईट

चालण्याचं गणित डब्यापेक्षा अवघड निघालं. मुलाने वडिलांच्या मोबाइलमध्ये रोज दहा हजार पावलांचं लक्ष्य लावून दिलं होतं. भाऊंची पावलं साडेतीन-चार हजार. रोज रात्री मोबाइल त्यांना नापास ठरवायचा. हा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. हे सांगितल्यावर मुलानेच लक्ष्य साडेचार हजारांवर आणलं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. मी तेच डोक्यात धरून रोज सकाळी अर्धा तास लिहून दिला. पहिला आठवडा उत्तम गेला. दुसऱ्या आठवड्यात एकच दिवस. तिसरा चांगला, चौथा पुन्हा शून्य. मला वाटलं, उत्साह ओसरला. मी थोडं रागावूनही बोलले. तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, रात्रीची लाईट व्हती."

मळ्यातल्या मोटारीला एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ते बाराला उठून मोटार लावायला जातात, व्हॉल्व्ह बदलतात, पहाटे येऊन झोपतात आणि नऊला दुकान उघडतात. त्या आठवड्यात पाच तासही झोप होत नव्हती. झोप कमी झाली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे हात जातो. त्यांच्या वहीत वेफर्स आणि चहा त्याच आठवड्यांत जास्त होते. मी खान्देशातच वाढले, हे मला आधी सुचायला हवं होतं.

म्हणून ध्येयं दोन केली. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात पाच दिवस तीस मिनिटं. मळा दीड किलोमीटरवर आहे, तिथे फटफटीऐवजी पायी जायचं. रात्रीच्या आठवड्यात सकाळचं चालणं नाहीच, दुपारी दुकान बंद असताना अर्धा तास झोप, आणि रात्री जेवल्यावर घरासमोर पंधरा मिनिटं फेऱ्या. जेवणानंतरच्या फेऱ्यांनी जेवणामुळे चढणारी साखर कमी चढते, त्यामुळे त्या पंधरा मिनिटांना कमी लेखायचं नाही. दोन्ही आठवडे मिळून सरासरी १५० भरत नाही. मी ती ११० च्या आसपास मान्य केली. ताकदीसाठी दुकानातल्या खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, आधी आठ वेळा, मग बारा, आठवड्यातून दोनदा.

चहाचंही असंच. दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा, दिवसाला सहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम. माणसाला चहा विचारणं बंद करणं आपल्याकडे शक्य नाही, तसं सुचवूही नये. टपरीवाल्याला सांगून भाऊंचा कप वेगळा येऊ लागला, अर्धा चमचा साखरेचा. सहाचे तीन कप करायचे ठरले होते, ते चारच्या खाली कधी आले नाहीत.

वहिनी

घरच्या त्या भेटीत मी सगळ्यांचं खाणं विचारत होते. आजी, मुलगा झाले. वहिनींकडे वळले तर त्या म्हणाल्या, "माह्यं काय विचारता, मी त ठीक आहे." मी पुन्हा विचारलं. सकाळी चहा आणि टोस्ट. सगळ्यांचं जेवण, सालदाराचा डबा, भांडी, मग अडीच-तीनला त्यांचं जेवण: उरलेली भाकरी, ठेचा, भाजी उरली असेल तर तिची तर्री. डाळ बहुतेक संपलेली. जेवल्या जेवल्या कपभर चहा. वय ४३. जिना चढताना धाप लागते, पाय दुखतात, केस गळतात. "वय झालं आता," हे कारण.

त्यांचं हिमोग्लोबिन ९.६ निघालं, गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या वर हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयात आढळल्या होत्या. तो आकडा मी व्याख्यानांत कितीदा सांगितलाय. इथे तीच बाई मला चहा देत समोर उभी होती, आणि मी दोन महिने तिच्या नवऱ्याच्या कंबरेची नोंद ठेवत होते.

पाळीत रक्तस्राव जास्त होतो हे त्यांनी भाऊ बाहेर गेल्यावर सांगितलं. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सुधारणेचं मोठं श्रेय त्या गोळ्यांचं आहे, माझ्या पालकाच्या सल्ल्याचं नाही. माझ्या हातात होतं ते एवढंच: जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलणं, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, भाजीवर लिंबू पिळणं, आणि जेवणाची वेळ.

या वेळेवरून घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. दुकान एक ते तीन बंद असतं. मी भाऊंना म्हटलं, तुमचं पुढचं ध्येय काट्यावर नाही, वहिनींनी तुमच्यासोबत ताटावर बसणं हे आहे. ते गप्प झाले. आजी म्हणाल्या, "आम्ही नाही जेवलो कधी माणसाच्या आधी." मी म्हटलं, आजी, आधी नको, सोबत. भाकऱ्या आधी करून टोपल्यात ठेवायच्या, वाढून घ्यायचं ज्याचं त्याने. पहिले काही दिवस वहिनी बसायच्या आणि चार वेळा उठायच्या. फेब्रुवारीत मुलगा पाणी आणि ताक आणून ठेवू लागला. आठवड्यातून चार-पाच दिवस हे जमू लागलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि तो मी ठरवलेल्या ध्येयांच्या यादीत नव्हता.

चैत्र ते ज्येष्ठ

वीस किलोंमागे खरं काय होतं, ते मार्चमध्ये कळलं. भाऊंचे वडील दर चैत्रात पायी वणीच्या गडावर जायचे. पुढे मधुमेहाने पायाची दोन बोटं काढावी लागली आणि वारी थांबली. भाऊ अडतिसाव्या वर्षापर्यंत गेले, मग गुडघ्याने थांबले. "बाबासारखे पाय नको व्हाले," एवढं बोलून ते बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. लग्नात बारीक दिसणं हे लोकांना सांगायचं कारण होतं.

याच वर्षी जाऊ का, असं त्यांनी विचारलं. चैत्राचं ऊन, चाळिशीच्या वरचं तापमान, रोज वीस-पंचवीस किलोमीटर, आणि त्यांचं सलग चालणं तेव्हा साडेतीन किलोमीटर. मी नाही म्हटलं. ठरलं असं की गावातली मंडळी निघतील त्या पहाटे त्यांच्यासोबत पहिल्या थांब्यापर्यंत चालायचं आणि परत यायचं. सहा किलोमीटर होते. ते चालले, दोनदा बसले, तिथल्या टपरीवर चहा घेतला आणि मुलाच्या गाडीवर परत आले.

लग्नाचा हंगाम मात्र जड गेला. एप्रिल-मे मिळून अकरा लग्नं, हळदीची जेवणं, वरण-बट्टीच्या पंगती, आखाजीला आमरस-पुरणपोळी. वजन दीड किलो वर गेलं. भाऊंचा फोन आला, "गेलं ताई, सगळं गेलं." मी फक्त डब्याची तारीख विचारली. तो ७१ व्या दिवशी संपला होता. आधीच्या वर्षी याच काळात ५० दिवसांत संपला होता, ते वहीत होतं. त्यांना तिथल्या तिथे वही काढायला लावली आणि स्वतः वाचायला सांगितलं.

मेच्या उन्हात, पारा ४४-४५ ला असताना, चालणं पहाटे साडेपाचला आणलं आणि पंधरा मिनिटांवर आणलं. त्याहून जास्त मागणं बरोबर नव्हतं.

मृगाच्या सुमाराला सहा महिने झाले. वजन ८६.३, म्हणजे ४.७ किलो कमी, पाच टक्क्यांच्या किंचित वर. कंबर १०८ वरून १०२. एचबीए१सी ५.९, उंबरठ्यावरच, पण अलीकडच्या बाजूला सरकलेली. डबा सरासरी ७६ दिवस, ठरवलेल्या ८० ला चार कमी. वहिनींचं हिमोग्लोबिन ११.३. जिना चढताना थांबावं लागत नाही म्हणाल्या. रात्रीचं जेवण साडेनऊच्या आत आणायचं ठरलं होतं, ते एकदाही जमलं नाही, म्हणून यादीतून काढलं. आजी अजून भाऊंच्या फुनक्यांवर चमचाभर तेल ओततात. तो चमचा आम्ही हिशेबात धरलाय.

भाऊंना ४.७ हा आकडा कमी वाटला. त्यांना मी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना तिथे गटांत विभागलं होतं. खाणं आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण साध्या सल्ल्यावर ठेवलेल्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं, आणि तेही वजनात म्हणावा तसा फरक पडलेला नसताना. ते ऐकून भाऊंनी विचारलं, "म्हंजे बाबाचं जे झालं ते माह्यं होईलच असं नाही?" नाही, असं मी म्हटलं, आणि होणारच नाही असंही मी म्हणू शकत नाही, हेही सांगितलं.

पुढचे सहा महिने वजन उतरवायचं नाही, ८७ च्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच ठेवलंय. श्रावणात कानबाईचे (खान्देशातल्या देवीच्या सणाचे) रोट आहेत, त्या दिवसांत घराबाहेरचं तळण बंद. डबा ८५ दिवस. दसऱ्यापर्यंत न बसता आठ किलोमीटर चालता आलं तर पुढच्या चैत्राचं ठरवायचं. गेल्या भेटीत साडेपाच झाले होते. वहिनींनी विचारलंय, त्यांनाही गडावर जायचंय. त्यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.